शस्त्रक्रियेनंतरचे घर : सहाय्यक साधने आणि सुगम्यतेचा प्रश्न

शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा शस्त्रक्रियागृहातील काही तासांचा विचार आपल्या मनात असतो. रुग्ण पुन्हा स्वतःच्या पायांवर उभा राहतो की नाही, हे मात्र पुढील सहा ते बारा आठवड्यांत ठरते. हा काळ रुग्णालयात नव्हे, तर घरात जातो. न्हाणीघराची ओली फरशी, उंच उंबरठा, बसका पलंग, कठडा नसलेला जिना अशा साध्या गोष्टी त्या काळात रुग्णाच्या मार्गातील अडथळे बनतात. सार्वजनिक इमारतींच्या सुगम्यतेसाठी देशात कायदा आहे आणि दिव्यांग व ज्येष्ठ नागरिकांना साधने पुरविणाऱ्या योजनाही आहेत. परंतु काही महिन्यांपुरती हालचाल मर्यादित झालेला रुग्ण आणि त्याचे राहते घर या दोहोंचा विचार या व्यवस्थेत अपुराच राहिला आहे. आरोग्य, गृहनिर्माण आणि सामाजिक न्याय या तिन्ही विषयांशी निगडित असलेल्या या प्रश्नाचा परामर्श येथे घेण्यात येत आहे.

हेब्बाळ : रुग्णालय आणि घर यांमधील अंतर

बेंगळुरूच्या उत्तर भागातील हेब्बाळ हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण ठरावे. एके काळी तलावाकाठचे खेडे असलेले हेब्बाळ वाढत्या महानगरात सामावले गेले. बळ्ळारी रस्ता आणि बाह्य वळण रस्ता यांच्या संगमामुळे, तसेच २००८ साली सुरू झालेल्या विमानतळाकडे जाणाऱ्या वाटेवर असल्यामुळे येथील वस्ती झपाट्याने वाढली. बेंगळुरू बाप्टिस्ट रुग्णालय १९७३ पासून येथे कार्यरत आहे. पुढे या परिसरात मोठी खासगी रुग्णालयेही उभी राहिली. गुडघा व खुब्याच्या सांध्याचे प्रत्यारोपण, हृदयशस्त्रक्रिया, मणक्याची शस्त्रक्रिया अशा प्रगत सेवा आज या भागात उपलब्ध आहेत.

रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडल्यावर मात्र चित्र बदलते. एका बाजूला उद्वाहक असलेली बहुमजली गृहसंकुले, तर दुसऱ्या बाजूला जुन्या गावठाणाच्या अरुंद गल्ल्यांतील दोन-तीन मजली घरे. अशा घरांचे वरचे मजले बहुधा भाड्याने दिलेले असतात आणि तेथे जाण्यासाठी अरुंद जिना हाच एक मार्ग असतो. नोकरीनिमित्त बेंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा अनुभवही याहून वेगळा नाही. बेळगाव, निपाणी किंवा सोलापूरकडील आई-वडील शस्त्रक्रियेसाठी मुलाकडे येतात. रुग्णालयातील उद्वाहक, सरकती खाट आणि भिंतीवरील आधारदांडे यांची सोबत घरी येताच संपते. भाडेकरू असल्यास भिंतीला भोक पाडून आधारदांडा बसविण्यासाठीसुद्धा घरमालकाची परवानगी लागते.

रुग्णालयातील मुक्काम कमी झाल्यामुळे घराचे महत्त्व अधिकच वाढले आहे. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर लवकर हालचाल व लवकर आहार सुरू करण्याची एकत्रित पद्धत मांडली. दीर्घकाळ अंथरुणात पडून राहिल्याने स्नायू क्षीण होतात, पायातील खोल शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि फुप्फुसांचा संसर्ग होऊ शकतो, हे आता सर्वमान्य आहे. रुग्णाने लवकर घरी जाणे त्यामुळे हिताचेच ठरते. परंतु रुग्णालयातील परिचारिकेचे व भौतिकोपचार तज्ज्ञाचे काही काम घराकडे आणि घरातील माणसांकडे सोपविले जाते, ही या पद्धतीची दुसरी बाजू होय.

सहाय्यक साधने : अर्थ व व्याप्ती

व्यक्तीची कार्यक्षमता व स्वावलंबन टिकविणारे किंवा वाढविणारे कोणतेही बाह्य साधन म्हणजे सहाय्यक साधन होय. काठीपासून संगणकीय प्रणालीपर्यंत सर्व साधने या व्याख्येत येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ५० प्राधान्य साधनांची यादी प्रसिद्ध केली. मे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या साधनांची उपलब्धता वाढविण्याबाबत ठराव संमत केला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२२ च्या संयुक्त अहवालानुसार जगातील २५० कोटींहून अधिक लोकांना किमान एका सहाय्यक साधनाची गरज आहे आणि त्यांपैकी जवळजवळ १०० कोटी लोकांना ते मिळत नाही.

शस्त्रक्रियेनंतर लागणाऱ्या साधनांचे चार गट करता येतात. चालण्यासाठी वॉकर, कुबड्या, काठी व चाकाची खुर्ची. शौच व स्नानासाठी कमोड खुर्ची, उंच आसन व आधारदांडे. झोपण्या-उठण्यासाठी डोक्याकडील भाग वर करता येणारी खाट. आणि दैनंदिन कामांसाठी खाली न वाकता वस्तू उचलता येईल असा लांब चिमटा किंवा लांब दांड्याचे शूहॉर्न. यांपैकी बहुतेक साधने साधी आहेत. अडचण येते ती योग्य साधनाची निवड, त्याचे माप आणि वापराचे प्रशिक्षण या बाबतीत.

साधनामागील शास्त्र

साधनाची उंची चुकली तर तेच साधन अपायकारक ठरते. रुग्ण ताठ उभा असताना व हात सैल सोडलेले असताना वॉकरची मूठ मनगटाच्या घडीच्या पातळीवर यावी. त्यामुळे मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते आणि हातांवर भार घेता येतो. चालताना आधी वॉकर पुढे, मग शस्त्रक्रिया झालेला पाय व शेवटी दुसरा पाय, असा क्रम असतो. काठी मात्र शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरावयाची असते. पाऊल टाकताना विरुद्ध बाजूची काठी शरीराचा तोल सावरते व खुब्यावरील भार कमी करते. अनेक रुग्ण दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात आणि तिचा बराचसा लाभ गमावतात. काखेतील कुबडीचा वरचा भाग व काख यांमध्ये दोन-तीन बोटांचे अंतर असावे. भार काखेवर पडल्यास तेथील मज्जातंतूंना इजा होऊ शकते. म्हणून तो हातांवर घ्यावयाचा असतो. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना शस्त्रक्रिया झालेला पाय आधी, हा नियमही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

साधन कोणते, हे शस्त्रक्रियेच्या प्रकारावर अवलंबून असते. खुब्याच्या सांध्याचे प्रत्यारोपण मागील बाजूने छेद घेऊन केले असल्यास पहिले काही आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा अधिक वाकविणे, पायावर पाय टाकणे व पाय आत वळविणे टाळण्यास सांगितले जाते. अन्यथा सांधा निखळण्याचा धोका असतो. जमिनीवर मांडी घालून बसणे, पाटावर जेवणे किंवा भारतीय पद्धतीच्या शौचकूपाचा वापर करणे हे सारे अशा रुग्णाला वर्ज्य ठरते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणातून सरळ उठण्याऐवजी कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठणे श्रेयस्कर असते. छातीचे हाड छेदून केलेल्या हृदयशस्त्रक्रियेनंतर मात्र हातांवर जोर देऊन उठण्यावरच काही आठवडे बंधन असते. खुर्चीचे जे हात गुडघ्याच्या रुग्णाला वरदान ठरतात, त्यांवर हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णाने जोर देऊ नये, असा हा भेद आहे. म्हणूनच शेजाऱ्याकडचे साधन जसेच्या तसे वापरण्यापूर्वी शल्यचिकित्सक व भौतिकोपचार तज्ज्ञ यांचा सल्ला घेणे अगत्याचे ठरते.

घरातील अडथळे

भारतीय घराची रचना प्रामुख्याने जमिनीवरील वावराशी जुळलेली आहे. निरोगी व्यक्तीला सोयीच्या वाटणाऱ्या अनेक गोष्टी रुग्णाला अडचणीच्या होतात. घरात सर्वाधिक जोखमीची जागा न्हाणीघर ही होय. ओली व गुळगुळीत फरशी, दारापाशी पाणी अडविण्यासाठी घातलेली पट्टी आणि धरण्यासाठी काहीही नसणे ही तेथील धोक्याची कारणे आहेत. तोल गेल्यावर रुग्ण टॉवेल अडकविण्याची दांडी किंवा नळ धरतो. परंतु त्यांची रचना माणसाचा भार पेलण्यासाठी केलेली नसते. भिंतीत पक्का बसविलेला आधारदांडा, पाय न घसरणारे जाजम, बसून स्नान करण्यासाठी रबरी बूट लावलेले आसन आणि रात्रभर तेवणारा मंद दिवा एवढ्याने जोखीम बरीच कमी होते.

सुगम्यतेच्या मानकांमधील काही मापे येथे उपयोगी पडतात. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर असावी, चाकाची खुर्ची वळविण्यासाठी १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा असावी आणि उताराचे प्रमाण १:१२ असावे, असे ही मानके सांगतात. या शेवटच्या प्रमाणाचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. प्रत्येकी १५ सेंटिमीटर उंचीच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटरची चढण. तिच्यासाठी ५.४ मीटर लांबीचा उतार लागतो. गृहसंकुलाच्या प्रवेशद्वारापाशी एवढी जागा सहज मिळू शकते. जुन्या हेब्बाळच्या गल्लीतील घरापुढे ती मिळणे कठीण. तेथे अट्टहासाने केलेला तीव्र उतार पायऱ्यांपेक्षाही धोकादायक ठरतो. अशा ठिकाणी पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी भक्कम कठडा देणे, पायरीची कड ठळक रंगाने रंगविणे आणि शक्य असल्यास काही आठवडे रुग्णाची व्यवस्था तळमजल्यावर करणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

घरातील बरेच बदल मात्र बिनखर्चाचे असतात. पायांत अडकणाऱ्या सतरंज्या व विजेच्या तारा काढून ठेवणे, नेहमीच्या वस्तू कमरेच्या उंचीवर मांडणे, पलंग व खुर्ची पुरेशा उंचीची करणे आणि पलंगापासून शौचालयापर्यंतची वाट मोकळी ठेवणे ही कामे शस्त्रक्रियेच्या आधीच उरकता येतात. पूर्वनियोजित शस्त्रक्रियेचा मोठा फायदा हाच की, घराची तयारी करण्यास वेळ मिळतो. वॉकरने चालण्याचा सरावही आधीच करता येतो.

कायद्याची चौकट

दिव्यांग व्यक्तींसाठीचा पहिला सर्वंकष केंद्रीय कायदा १९९५ मध्ये संमत होऊन ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारण्यात आला. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला अनुसमर्थन दिले. या कराराचा अनुच्छेद ९ सुगम्यतेविषयी, अनुच्छेद २० वैयक्तिक हालचालींविषयी आणि अनुच्छेद २६ पुनर्वसनाविषयी आहे. त्यानुसार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ करण्यात आला व तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. कलम ४० अन्वये केंद्र सरकारने सुगम्यतेची मानके ठरविणारे नियम करावयाचे आहेत. कलम ४४ अन्वये त्या नियमांशी विसंगत आराखड्यास बांधकाम परवानगी देता येत नाही. तत्पूर्वी, ३ डिसेंबर २०१५ रोजी सुगम्य भारत अभियानाचा प्रारंभ झाला होता.

राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. २०१७ च्या नियमावलीतील नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे न्यायालयाने ठरविले. कायदा बंधनकारक मानकांची अपेक्षा करीत असताना नियमाने केवळ मार्गदर्शक सूचना पुढे केल्या होत्या. म्हणून किमान बंधनकारक मानके वेगळी करून निश्चित करावीत, असे निर्देश केंद्र सरकारला देण्यात आले.

शस्त्रक्रियेतून सावरणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने या चौकटीच्या दोन मर्यादा संभवतात. कायद्यातील व्याख्या ‘दीर्घकालीन’ बाधेची आहे. तीन महिन्यांत बरा होणारा रुग्ण तिच्यात बसत नाही. शिवाय कायद्याचा भर जनतेच्या वापरातील इमारती, वाहतूक व सेवा यांवर आहे. खासगी घराच्या अंतर्भागाची जबाबदारी अखेर घरमालकावर आणि कुटुंबावरच राहते.

योजना आणि त्यांमधील दरी

दिव्यांग व्यक्तींना साधने खरेदी करण्यासाठी व बसविण्यासाठी साह्य देणारी केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ पासून सुरू आहे. भारतीय कृत्रिम अवयव निर्माण निगम म्हणजेच ‘अलिम्को’ ही १९७२ मध्ये स्थापन झालेली कानपूर येथील सार्वजनिक कंपनी अशी साधने तयार करते. तिचे एक साहाय्यक उत्पादन केंद्र बेंगळुरू येथेही आहे. योजनेच्या लाभासाठी मात्र किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आवश्यक असते.

१ एप्रिल २०१७ रोजी आंध्र प्रदेशातील नेल्लोर येथे राष्ट्रीय वयोश्री योजनेचा प्रारंभ झाला. अल्प उत्पन्न गटातील, वयपरत्वे दुर्बलता आलेल्या ज्येष्ठ नागरिकांना काठी, वॉकर, कुबड्या, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा, दातांची कवळी आदी साधने या योजनेतून मोफत मिळतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू केली. तिच्यात ६५ वर्षे व त्यावरील पात्र नागरिकांच्या बँक खात्यात ३,००० रुपये एकरकमी जमा करण्याची तरतूद करण्यात आली.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेली आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबांना दरवर्षी पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन संरक्षण देते. तिच्यात दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस व घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतील तपासण्या व औषधांचा खर्च अंतर्भूत आहे. सांधा प्रत्यारोपणानंतर सावरण्यास सहा ते बारा आठवडे लागतात, हे ध्यानात घेतल्यास दरी स्पष्ट होते. चाळीस वर्षांच्या मजुराचे मांडीचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली, तर तो ज्येष्ठ नागरिक नसतो आणि कायद्याच्या व्याख्येनुसार दिव्यांगही नसतो. त्याची वॉकरची व कमोड खुर्चीची गरज मात्र तेवढीच खरी असते.

या दरीचा भार अखेर कुटुंबावर पडतो. घरातील शुश्रूषेचे काम बव्हंशी स्त्रिया करतात. सून, मुलगी किंवा पत्नी यांना त्यासाठी रजा घ्यावी लागते. प्रसंगी नोकरीही सोडावी लागते. रुग्णाला उचलताना त्यांच्याच पाठीला इजा होते. योग्य उंचीची कमोड खुर्ची व पक्का आधारदांडा रुग्णाबरोबरच या स्त्रियांचेही संरक्षण करतो. स्वतः उठून शौचालयात जाता येणे हा रुग्णाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, तसाच तो घरातील श्रमविभागणीचाही आहे.

पुढील दिशा

ही दरी भरून काढण्यासाठी तीन पातळ्यांवर प्रयत्न करता येतील. पहिली पातळी साधनांच्या सामायिक वापराची. अल्पकाळ लागणारे साधन प्रत्येकाने विकत घेणे गरजेचे नाही. महाराष्ट्रातील अनेक शहरांत स्वयंसेवी संस्था व ज्येष्ठ नागरिक संघ रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे चालवितात. अनामत रक्कम व नाममात्र भाडे घेऊन वॉकर, चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची, खाट अशी साधने तेथे दिली जातात व काम झाल्यावर परत घेतली जातात. हेब्बाळसारख्या भागात प्रत्येक मोठ्या गृहसंकुलाला किंवा प्रभागाला असे केंद्र चालविता येईल. साधन परत आल्यावर त्याची स्वच्छता, रबरी बुटांची झीज, चाकांचे अवरोधक यांची तपासणी करण्याची शिस्त मात्र तेथे हवी.

दुसरी पातळी मनुष्यबळाची. रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी त्याच्या घराविषयी चौकशी करणे हा उपचाराचा भाग मानला गेला पाहिजे. मजला कितवा, शौचालय कोणत्या पद्धतीचे, पायऱ्या किती, सोबत कोण, एवढ्या चार प्रश्नांनीही बरेच काही साधते. पुनर्वसन क्षेत्रात बेंगळुरूची परंपरा मोठी आहे. ‘असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी’ ही संस्था १९५९ पासून, तर ‘मोबिलिटी इंडिया’ १९९४ पासून या शहरात कार्यरत आहे. मुंबईतील हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र ही महाराष्ट्रातील जुनी केंद्रे होत. भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांसह संलग्न आरोग्य व्यवसायांच्या शिक्षण व सेवेची मानके ठरविण्यासाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदाही संमत झाला आहे. या मनुष्यबळाची सेवा रुग्णालयाबाहेर, घरापर्यंत पोहोचविणे हे पुढचे पाऊल ठरेल.

तिसरी पातळी गृहरचनेची. अमेरिकन वास्तुविशारद रोनाल्ड मेस यांनी सार्वत्रिक रचनेची संकल्पना मांडली. पोलिओमुळे ते स्वतः चाकाची खुर्ची वापरीत. १९९७ मध्ये या संकल्पनेची सात तत्त्वे प्रसिद्ध झाली. वय व क्षमता यांचा भेद न करता शक्य तितक्या सर्वांना वापरता येईल अशी रचना मुळातच करावी, हे तिचे सार होय. २०१६ च्या अधिनियमातही या संकल्पनेची व्याख्या आहे. इमारत बांधतानाच दार रुंद ठेवणे, न्हाणीघराची पट्टी टाळणे व आधारदांड्यासाठी भिंत भक्कम करणे यांस फारसा अधिक खर्च येत नाही; नंतर तोडफोड करून हे बदल करणे मात्र महाग पडते. असे घर दिव्यांग व्यक्तीला उपयोगी पडते, तसेच ते गर्भवती स्त्रीला, लहान मुलाला, वृद्धाला आणि शस्त्रक्रियेतून सावरणाऱ्या तरुणालाही उपयोगी पडते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती आणि १०.३८ कोटी ज्येष्ठ नागरिक होते. तात्पुरत्या काळासाठी हालचाल मर्यादित झालेल्या रुग्णांची गणना यांत होत नाही. आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर हा अनुभव जवळजवळ प्रत्येक कुटुंबाला येतो. त्यामुळे सुगम्य घर ही काही थोड्यांसाठीची सवलत नसून सर्वांच्या उपयोगाची पायाभूत सुविधा आहे, या दृष्टीने तिच्याकडे पाहणे उचित ठरेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील सुगम्यतेविषयक तरतुदी सांगून राजीव रतुरी प्रकरणातील निर्णयाचे महत्त्व स्पष्ट करा.

२. ‘एडिप’ व राष्ट्रीय वयोश्री योजना यांची तुलना करा. अल्पकालीन गरज असलेले रुग्ण या योजनांबाहेर का राहतात?

३. ‘सार्वत्रिक रचना ही दिव्यांगांसाठीची सवलत नसून सर्वांच्या हिताची गुंतवणूक आहे.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.